तोंड शेवटी बघा! प्राण्याच्या मुठीची जुनी काठी पारखताना

काचेचे डोळे लावलेला कुत्रा, चोच किंचित उघडलेलं बदक, कान मागे पाडलेला घोडा. अशी मूठ हातात आली की आपण थेट तिच्या तोंडाकडे बघतो आणि तिथंच फसतो. विकणाऱ्यालाही हे ठाऊक असतं, म्हणून त्याच्या दहा फोटोंपैकी नऊ फोटो नुसत्या तोंडाचे असतात. माझा नियम याच्या अगदी उलट आहे. काठी खालून वर वाचायची, आधी शेंबी (खालच्या टोकाची टोपी), मग दांडा, मग गळ्याचं कडं आणि सगळ्यात शेवटी तोंड.

हा नियम मी फुकटात शिकलेलो नाही. ग्रेहाउंड कुत्र्याचं तोंड असलेली एक काठी मी हस्तिदंताची समजून घेतली होती. काय नाक होतं, काय मान होती! घरी आल्यावर संध्याकाळी बॅटरीचा उजेड तिरपा टाकला, तेव्हा कानामागून मानेपर्यंत केसाएवढी बारीक, सरळ रेघ दिसली. ती साच्याच्या दोन भागांची शिवण होती, म्हणजे अख्खं तोंड रेझिनचं, कृत्रिम राळेचं, ओतीव काम होतं. काठी उलटी केली तर खाली पितळी नळीचा चकचकीत नवा तुकडा, त्यावर एक ओरखडाही नाही. दुकानातच ती उलटी केली असती तर तिथंच ठेवून आलो असतो.

सोबत काय ठेवायचं

दहापट दाखवणारं भिंग, लहान बॅटरी, ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही (अतिनील किरणांचा) टॉर्च, लोहचुंबक आणि मोजपट्टी. एवढ्यावर भागतं. हातमोजे नकोत, गुळगुळीत मूठ त्यातून सटकते. हात धुऊन कोरडे करा आणि टेबलावर जाड कापड पसरा. उभं राहून, गप्पा मारत काठी बघू नका.

शेंबी

काठी वापरली गेली असेल तर जमिनीची साक्ष शेंबीवर असते. अठराव्या शतकातल्या शेंब्या बऱ्याचदा लांब, पितळेच्या आणि टोकाला लोखंड असलेल्या असत. एकोणिसाव्या शतकात त्या हळूहळू आखूड होत गेल्या. शिंगाच्या शेंब्याही मिळतात. चुंबक लावून बघा. पितळेला तो चिकटत नाही, खालच्या लोखंडी टोकाला चिकटतो. झीज एका बाजूला जास्त असायला हवी, कारण माणूस काठी नेहमी किंचित कलती टेकवतो. चहूबाजूंनी सारखीच झिजलेली शेंबी दिसली तर ती कानशीने घासली असावी असा संशय घ्या.

शेंबी बदललेली असणं हा दोष नव्हे. चपलेचा तळ बदलावा तशी ती बदलली जायची. मात्र खाली रबराचा बूच असेल तर तो काढून बघू द्यायला सांगा. आत मूळ शेंबी सापडते, नाहीतर दांडा करवतीने कापलेला दिसतो.

दांडा

लांबी मोजा. पुरुषांच्या फिरायच्या काठ्या साधारण ८५ ते ९५ सेंटिमीटर भरतात. त्याहून बरीच आखूड असेल तर नंतरच्या कुणा बुटक्या मालकाने ती खालून छाटलेली असू शकते. छाटलेल्या काठीचा निमुळतेपणा मधेच तुटल्यासारखा वाटतो आणि शेंबी दांड्याच्या मानाने जाड दिसते.

लाकूड ओळखायला वेळ लागतो, पण मलाक्का वेत चटकन ओळखू येतो. तो आग्नेय आशियातला, तपकिरी ठिपक्यांचा, हलका असतो. चांगल्या तुकड्यावर एका बाजूने उभा उंचवटा जातो आणि मधे एकही गाठ नसते. आबनूस या काळ्या लाकडाचा दांडा हातात जड लागतो. काळा रंग फासलेला साधा दांडा ओळखायचा तर शेंबीच्या कडेजवळ किंवा दोरीच्या भोकात बघा, रंग तिथे उडालेला असतो. हो, मुठीच्या खाली मनगटाच्या दोरीसाठी दोन समोरासमोरची भोकं असतील तर त्यांच्या कडा बघायला विसरू नका. दोरी खरंच ओवलेली असली की भोकाची खालची कड गुळगुळीत झिजते.

एक सावधगिरी. मूठ पिळल्यावर फिरतेय असं वाटलं तर जोर लावू नका. काही काठ्यांत पातं लपवलेलं असतं आणि अशी काठी जवळ बाळगणं बऱ्याच देशांत गुन्हा आहे. नुसती सैल झालेली मूठ पिळली, तर आतला लाकडी खुंट मोडतो.

कडं: सगळ्यात बोलका तुकडा

मूठ आणि दांडा जिथे भेटतात तिथली धातूची पट्टी, म्हणजे कडं, सजावटीला असतंच, पण त्याचं खरं काम सांधा झाकणं हे आहे. म्हणूनच लबाडीही तिथंच लपते. एका काठीची मूठ दुसरीच्या दांड्यावर बसवली असेल तर कड्याच्या आत फट राहते, फटीत गोंद दिसतो, किंवा कड्याचा वरचा आणि खालचा घेर जुळत नाही. नखाने कड चाचपा. यूव्ही टॉर्च मारला तर आजचे बरेच गोंद निळसर पांढरे चमकतात आणि जुनं चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश नारिंगी दिसतं. कड्याला लागूनच पांढरी रेघ उजळली तर दुरुस्ती झालेली आहे. ती कुणी, कधी आणि का केली, हे विचारायचं.

चांदीचं कडं असेल तर त्यावरचे ठसे हे कड्याचं जन्मपत्र असतं. ब्रिटिश चांदीवर उजवा पंजा उचलून चालणारा सिंह म्हणजे स्टर्लिंग, हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी. नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, बिबट्याचं तोंड म्हणजे लंडन. सोबतचं अक्षर वर्ष सांगतं, पण प्रत्येक शहराची अक्षरमाला वेगळी होती आणि दर काही वर्षांनी तिची वळणं बदलत. त्यामुळे आधी शहर ठरवा, मग अक्षर तक्त्यात शोधा. उलट क्रमाने गेलात तर पन्नास वर्षांची चूक सहज होते. माझ्या आवडीचा ठसा राजाच्या किंवा राणीच्या चेहऱ्याचा. तो कर भरल्याची खूण म्हणून १७८४ ते १८९० या काळात मारला जाई. तो दिसला की कडं बहुधा १८९० च्या नंतरचं नाही.

जर्मनीत बनलेल्या चांदीवर १८८८ पासून चंद्रकोर, मुकुट आणि बहुधा ८०० हा आकडा असतो. फ्रान्समध्ये छोट्या वस्तूंवर रानडुकराचं इवलंसं डोकं दिसतं. ते १८३८ पासून पॅरिसच्या तपासणी कार्यालयाचं. ई, पी, एन, एस अशी चार रोमन अक्षरं असतील तर तो निकेलच्या मिश्रधातूवर विजेने चढवलेला चांदीचा मुलामा आहे. हे तंत्र बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन कंपनीने १८४० मध्ये पेटंट करून बाजारात आणलं. साहजिकच असं कडं त्याआधीचं असूच शकत नाही.

आता यातली मेख. ठसा कड्याचं वय सांगतो, मुठीचं नाही. जुनं खरं कडं नव्या मुठीला चढवणं अवघड नाही. कड्यावर कोरलेलं नाव आणि तारीखही नंतरची असू शकते. कोरलेल्या अक्षरांच्या कडा भिंगातून धारदार दिसतात आणि आजूबाजूची चांदी मात्र घासून गुळगुळीत झालेली, असं असेल तर अक्षरं उशिरा आली.

मूठ कशाची आहे

आता वर या, पण अजून चेहरा नको. मुठीचा सपाट कापलेला भाग शोधा. इंग्रजी एल अक्षरासारख्या मुठीत तो मागच्या टोकाला मिळतो. साहित्याची खरी ओळख तिथे पटते.

हत्तीच्या दातात त्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेघांची नाजूक जाळी दिसते. तिला श्रेगर रेषा म्हणतात. बाहेरच्या कडेजवळ या रेघांमधला कोन मोजायचा. हत्तीच्या दातात तो साधारण ११५ अंशांहून जास्त भरतो, लोप पावलेल्या मॅमथच्या दातात ९० अंशांहून कमी. मधल्या गाभ्याजवळ हत्तीच्या दातातही कोन लहान होतो, म्हणून आतल्या भागावरून निकाल देऊ नका. वॉलरस या समुद्री प्राण्याच्या दाताचा गाभा संगमरवरासारखा ढगाळ, कणीदार असतो. पाणघोड्याच्या दातात ही जाळी नसते, दाट बारीक वर्तुळाकार रेघा असतात.

हाडात जाळी नाही, पण काळपट ठिपके आणि छोट्या रेघा दिसतात. जिवंतपणी त्यातून रक्तवाहिन्या जात. हाडाची भिंत पातळ असते, त्यामुळे अख्खं मोठं तोंड एका तुकड्यात निघत नाही. मोठी मूठ हाडाची आहे असं कुणी सांगितलं तर जोड कुठे आहेत ते दाखवायला सांगा.

गुरांच्या शिंगाची मूठ बॅटरीसमोर धरली की पातळ कडांतून, म्हणजे कानांतून, मधासारखा उजेड झिरपतो. हे शिंग थरांचं असतं, म्हणून जुनं झालं की पापुद्रे सुटतात. हरणाचं शिंग वेगळंच. बाहेर टणक, आत स्पंजासारखं सच्छिद्र. कोरणारे बऱ्याचदा मागच्या बाजूला त्याची खडबडीत साल तशीच ठेवत, तीच प्राण्याची आयाळ होऊन जाई.

नकलांमध्ये सेल्युलॉइड, म्हणजे सुरुवातीच्या काळातलं प्लॅस्टिक, मला सगळ्यात मनोरंजक वाटतं, कारण तेही आता जुनं झालं आहे. अमेरिकेत १८७० च्या सुमारास हायट बंधूंनी ते चालतं केलं. हस्तिदंताचा भास व्हावा म्हणून त्यात रेघा घालत, पण त्या सरळ, समांतर, एकसारख्या असतात, एकमेकींना कधी छेदत नाहीत. अंगठ्याने जोरात घासून लगेच वास घ्या, कापराचा वास येतो. तापलेली सुई टोचून परीक्षा करा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो अजिबात ऐकू नका. सेल्युलॉइड भडकन पेट घेतं, आणि मूठ खरी निघाली तरी तिला कायमचा डाग पडतो. हस्तिदंत आणि हाड यूव्हीखाली निळसर पांढरे दिसतात, सेल्युलॉइड बहुतेकदा मंद, पिवळट किंवा तपकिरी. या खुणेवर एकटीवर भिस्त ठेवू नये, पण भिंगाच्या जोडीला ती चांगली.

रेझिन वजनाला हलकं असतं असं म्हणतात. नेहमी नाही. त्यात खनिज भुकटी घालून ते जड करतात. त्याची खूण म्हणजे साच्याची शिवण आणि खोबणीतले बारीक हवेचे बुडबुडे. शिवण कानामागे, हनुवटीखाली आणि मानेच्या दोन बाजूंना शोधायची.

लाकडी मुठींत अक्रोड, बॉक्सवुड आणि लिंडेन ही नेहमीची मंडळी. तपकिरी रंगवलेली अस्वलं, कुत्रे, गरुड ‘ब्लॅक फॉरेस्ट’ नावाने विकले जातात. त्यांतलं बरंचसं काम जर्मनीतल्या त्या जंगलाचं नाही, स्वित्झर्लंडच्या ब्रिएन्झ गावच्या कारागिरांचं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ख्रिश्चन फिशरने तिथे या धंद्याची घडी बसवली आणि १८८४ मध्ये गावात कोरीवकामाची शाळाही निघाली.

आता तोंड

बॅटरी समोरून नको, अगदी कडेवरून तिरपी धरा. हाताने कोरलेल्या केसांत पटाशी कुठे शिरली आणि कुठे वर उठली ते दिसतं. रेघ सुरुवातीला उथळ, मधे खोल, शेवटी टोकदार. शेजारच्या दोन रेघा कधीच तंतोतंत सारख्या नसतात. ओतीव कामात रेघेचा तळ आणि कड दोन्ही गोलसर, जणू साबण थोडा वापरलाय. यंत्राने कोरलेल्या लाकडात खोलगट जागी समांतर पायऱ्या राहतात. नाकपुड्यांत आणि कानांच्या आत बघा, पॉलिश करणारा तिथे पोचत नाही.

मग डोळे मिटा आणि मूठ चालायला निघाल्यासारखी धरा. तुमचा तळवा कुठे टेकला? तर्जनी आणि अंगठा मानेच्या कुठल्या बाजूंना आले? आता डोळे उघडून फक्त त्याच जागा तपासा. झीज तिथे हवी: कपाळावर, नाकाच्या वरच्या कडेला, मानेच्या दोन्ही अंगांना. हनुवटीखाली आणि कानांच्या खोबणीत मात्र रेघा ताज्या राहायला हव्यात. खोटी झीज पॉलिश पेपरची असते, सगळीकडे सारखी, भिंगात एकाच दिशेचे ओरखडे. खोटा मळही ओळखता येतो. खरा मळ खोबणीत कडक, काळपट, थराथराने बसतो. बुटाचं पॉलिश मऊ असतं, दात कोरायच्या काडीच्या टोकाला येतं आणि वासही सांगतो.

डोळे बहुतेकदा काचेचे. जर्मनीतलं लाउशा हे गाव या कामाचं मोठं केंद्र होतं. जुन्या काचेत भिंगातून एखादा बुडबुडा दिसतो, बुबुळाचा रंग काचेच्या मागून दिलेला असतो. प्लॅस्टिकचा डोळा ओरखडलेला, धुरकट दिसतो. एकच डोळा बदललेला असणं फार सामान्य आहे. दोघांचा रंग उजेडात ताडून बघा.

कुत्र्याची जात हाही एक पुरावा. ब्रिटनमध्ये कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारा केनेल क्लब १८७३ मध्ये निघाला आणि त्यानंतर जातींचे चेहरे ठरीव होत गेले. आजच्यासारखं अगदी चपटं नाक असलेला बुलडॉग एखाद्या ‘१८५० च्या’ मुठीवर दिसला तर भुवई उंचवायला हरकत नाही. कापलेले कान दिसले तर उलटा विचार करा. तिथल्या प्रदर्शनांत कान कापलेल्या कुत्र्यांवर १८९० च्या दशकात बंदी आली. पण कारागीर जुने नमुने पुढेही गिरवत राहिले, त्यामुळे यावर पैज लावू नका.

काही मुठी हलतात. मानेमागची कळ दाबली की जबडा उघडतो. ही बऱ्याचदा हातमोजे धरून ठेवायची सोय असे. कळ अडली असेल तर तेल सोडू नका, ते लाकडात आणि हाडात मुरतं. आतली स्प्रिंग गंजली असेल तर एका दाबात तुटते.

घेण्याआधी कायदा

हस्तिदंताचा संशय असेल तर खरेदी-विक्री आणि सीमा ओलांडणं, दोन्ही आधी तपासा. साइट्स हा वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार १९७५ मध्ये लागू झाला आणि १९८९ मध्ये आफ्रिकन हत्तीही त्याच्या पहिल्या, म्हणजे व्यापारबंदीच्या, परिशिष्टात गेला. ब्रिटनचा २०१८ चा हस्तिदंत कायदा जून २०२२ पासून अंमलात आहे. १९४७ पूर्वीची आणि घनफळाने १० टक्क्यांहून कमी हस्तिदंत असलेली वस्तू नोंदणी करून विकता येते, पण दणकट मूठ सडपातळ दांड्यावर असली की ती मर्यादा सहज ओलांडते. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ आणि १९९१ मध्ये दुरुस्त्या झाल्या आणि भारतीय, मग आफ्रिकन हस्तिदंताचा व्यापार बंद झाला. ‘अँटिक आहे’ एवढं म्हणून सहसा सुटका होत नाही. कागद नसतील तर मी अशा मुठीला हात लावत नाही.

साफ करणं, म्हणजे बहुतेक न करणं

मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडा. मळ उरला तर कापसाची काडी डिस्टिल्ड पाण्यात बुडवून, टिपकागदावर दाबून, जेमतेम ओलसर अशी फिरवा आणि लगेच कोरडी काडी फिरवा. एका वेळी नखाएवढी जागा. लिंबू, टूथपेस्ट, ब्लीच, खोबरेल तेल यांतलं काहीही नको.

कोमट पाण्याची माझी एक चूक सांगतो. पग जातीच्या एका लाकडी कुत्र्याचा मळलेला चेहरा मी कोमट फडक्याने जरा जास्त वेळ दाबून धरला. डावा डोळा घरंगळून टेबलाखाली गेला. डोळे मेणात किंवा राळेत बसवलेले असतात आणि उष्णतेने ते मऊ पडतात, हे त्या दिवशी कळलं. डोळा सैल असेल तर झटपट चिकटणारा गोंद वापरू नका, तो पुन्हा सुटत नाही आणि त्याची वाफ काचेवर पांढरी धरते. सरसाचा एक थेंब पुरतो आणि पुढे कुणाला काढायचा झाला तर निघतोही.

शेवटी लाकडाला मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात द्या. चांदीचं कडं वर्षातून एकदा मऊ कापडाने पुसलं तरी पुष्कळ. दर घासण्यात ठसा थोडा जातो. चांदी धुवायच्या द्रवात बुडवणं तर नकोच, तो कड्याखाली शिरून लाकडाला लागतो.

ठेवणं

भिंतीला तिरकी टेकवून ठेवलेली काठी काही वर्षांत वाकते. आडवी, दोन-तीन जागी आधार देऊन ठेवा. हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास आणि मुख्य म्हणजे स्थिर असावी. रेडिएटर, खिडकी आणि शोकेसमधला तापणारा दिवा यांनी तडे जातात. सेल्युलॉइडची मूठ मात्र इतरांपासून वेगळी, हवेशीर ठेवा. ती सडू लागली की आम्लाची वाफ सोडते आणि शेजारचं कडं हिरवं पडतं.

अशा काठीवर भार टाकून चालू नका. लाकडी मूठ मोडते ती जवळजवळ नेहमी मानेशीच. तोंड पुढे वाकवलेलं असतं, त्यामुळे लाकडाच्या रेषा तिथे मानेला आडव्या जातात आणि धरून ठेवायला लांब धागा उरत नाही. भिंगाने मानेची खालची बाजू बघितली तर तिथे केसासारखी चीर बऱ्याचदा आधीच असते. तिच्या दोन्ही टोकांचा फोटो मोजपट्टीसकट काढून ठेवा. सहा महिन्यांनी पुन्हा काढा. चीर वाढलेली दिसली तर काठी आडवी ठेवून जाणकार दुरुस्तीवाल्याकडे न्या, आणि सुटलेला डोळा किंवा कानाचा तुकडा असेल तर तो छोट्या पुडीत घालून दांड्याला बांधून न्या.